सत्तावीस नंबरची गल्ली

"हिरवं दिसतंय की गं. ऊठ."

आक्का, म्हणजे माझी सासू, दारात उभी होती. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात मोबाईल. नजर मोबाईलवर.

"दुखतंय, आक्का."

"दोन दाखवतंय. दोनाला काय दुखतंय? दोन तर माझा गुडघा रोजचा हाय."

मी उठले. भांडायचा कंटाळा आला होता. दुखण्यानं माणूस थकतो ते थकतोच, पण दुखतंय हे दुसऱ्याला पटवून देता देता जो थकवा येतो, त्याच्यावर अजून कुणी औषध काढलेलं नाही. त्या दिवशी नणंदेच्या घरचे जेवायला यायचे होते. मी परात पुढं ओढली आणि डाव्या हातानं पीठ मळायला घेतलं.

माझा उजवा हात चार वर्षांपूर्वी कारखान्यातल्या सत्तावीस नंबरच्या लूमनं, म्हणजे यंत्रमागानं, ओढून घेतला. तुटला नाही. हाडं जुळली, कातडी भरून आली, बघणाऱ्याला वाटेल बाईला काही झालंच नाही. पण खांद्यातून मानेकडं जाणारी नस ताणली गेली, आणि तेव्हापासून हात जळतो. सुताला खळ लावतात त्या सायझिंगला उकळत्या खळीची टाकी असते, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ठेवावा, तसा. पहिली दोन वर्षं मी हे सांगत फिरले. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, मनाचे खेळ आहेत. विम्याच्या ऑफिसातली बाई म्हणाली, तुम्ही योगा करता का. आक्का म्हणाली, आमच्या वेळी बायका बाळंत होऊन तिसऱ्या दिवशी सुताची कांडी भरायला बसत होत्या.

मग पेटी आली.

लूमवर कानाला लावतात तो हेडफोन तुम्ही बघितला असेल. बाहेरचा खडखडाट आत यायला लागला की तो त्याच्या बरोबर उलटा आवाज सोडतो. एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, कानात शांतता उरते. दुखण्याचं तसंच केलंय. माझ्या मानेत, मणक्याच्या आत, शेवईहून बारीक तारांची एक पट्टी बसवली आहे. हाताकडून मेंदूकडं निघालेली दुखण्याची लाट ती वाटेतच ऐकते आणि तिच्या विरुद्ध लाट सोडते. ऐकणं पट्टीचं, गणित पेटीचं. पेटी घरात फळीवर, देवाच्या फोटोशेजारी असते. दिसायला जेवणाच्या डब्याएवढी, पण आत अख्खा सर्व्हर.

आता दुखणं काही लूमच्या आवाजासारखं एका तालात चालत नाही. थंडीत वेगळं, झोपेनंतर वेगळं, कुणी टाकून बोललं की आणखी वेगळं. म्हणून पेटी सकाळ-संध्याकाळ नवी लाट जुळवते आणि दवाखान्यातल्या संगणकाकडं मंजुरी मागते. मंजुरी आली की नवी लाट सुरू. नाही आली तर मानेतली पट्टी जुनीच लाट वाजवत राहते. वीज गेली, पेटीचा प्लग काढला, तरी वाजवत राहते, कारण ती एकदम थांबली तर माणूस जागच्या जागी कोसळेल. याला ते सुरक्षेची सोय म्हणतात.

आणि पेटी आकडा देते. किती दुखणं अडवलं, किती उरलं. शून्य ते दहा. तीनपर्यंत हिरवं, सहापर्यंत पिवळं, पुढं लाल. हा आकडा मोबाईलवरच्या डॅशबोर्डवर दिसतो, आणि डॅशबोर्ड दवाखान्याला दिसतो, विमावाल्यांना दिसतो, कारखान्याला दिसतो, माझ्या नवऱ्याला, अमरला दिसतो, आक्काला दिसतो.

आकडा आला आणि सगळ्यांना एका दिवसात पटलं. आक्का रडली सुद्धा. "पोरीला आठ होतं गं, आठ," असं शेजारी सांगून आली. मला वाटलं, सुटले. पण पेटी मोजते ते एका नसेत उरलेलं दुखणं. दुखणं फक्त नसेत असतं असं वाटायला स्वतःचं कधी काही दुखलेलं नसावं लागतं. पेटीवर दोन असताना माझ्या हातात सहा असतात, हे मी दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरनं पडद्याकडं बघून सांगितलं, "दोन आहेत." म्हणजे आधी मी सांगत होते तेव्हा आकडा नव्हता म्हणून खोटी, आणि आता आकडा आला म्हणून खोटी. माझ्या तोंडाचा उपयोग खायपुरता उरला. कारखान्याचा निरोप आला होता: महिनाभर हिरवं आहे, एक तारखेपासून लूमवर या.

त्या दुपारी भाकरी थापायला घेतली आणि बोटांत सुया गेल्या. मी अमरला हाक मारली.

"अमर, आज खरंच जमत नाही रे."

त्यानं खिशातून मोबाईल काढला, बघितला. "दोन हाय की," म्हणाला आणि दही आणायला गेला.

आमचं जमलं लूमवर. मी कांडी भरणारी, तो जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही. तिथं काम करणारी सगळी माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखतात. आवाज न काढता आम्ही भांडलोय, हसलोय, लग्नाचं ठरवलंय. ज्याला माझ्या ओठांवरून सगळं कळायचं, त्या माणसानं त्या दिवशी माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. मला रागसुद्धा आला नाही. नुसता शीण आला. म्हटलं, बास.

पाहुणे जेवून गेले. आक्का नणंदेबरोबर दुकानात गेली, अमर कोपऱ्यावर चहाला गेला. मी लॅपटॉप उघडला आणि पेटीच्या कारभाराचं पान काढलं. हे मला कुणी शिकवलं नाही. हात पोळत असताना झोप लागत नाही, तेव्हा डाव्या हातानं व्हिडिओ बघत बघत शिकले.

साधं आहे. घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, गल्ली नंबर आणि घर नंबर असतो तसा. आमच्याकडं टीव्ही, मोबाईल, लॅपटॉप, पेटी सगळी एक नंबरच्या गल्लीत. गल्ली एक असेल तरच यंत्रं एकमेकांशी बोलतात. भिंतीला भिंत असली तरी गल्ली वेगळी असेल तर ओळख देत नाहीत. बाहेरचे सगळे, दवाखाना काय आणि कारखाना काय, एक नंबरच्याच गल्लीतून आत येतात. मी ठरवलं, पेटीला उचलून दुसऱ्या गल्लीत ठेवायची. सगळ्यांचे मोबाईल कोरे. मग बघू, मला विचारतात का नाही ते.

पत्त्यात नवी गल्ली टाकली, सत्तावीस. सेव्ह दाबलं. पान गोठलं.

तेव्हा लक्षात आलं. मी स्वतः एक नंबरच्याच गल्लीत बसले होते. ज्या दारातून आत गेले त्याच दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली आत राहिली.

तरी मी घाबरले नाही. पेटी करणारी माणसं मूर्ख नाहीत. असा घोटाळा होतो हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून पत्ता बदलला की पेटी आधी कारभाऱ्याच्या मोबाईलवर निरोप पाठवते: बदल कायम करायचा का? उत्तर आलं नाही, तर थोडा वेळ वाट बघून ती आपण होऊन जुन्या पत्त्यावर परत येते. कारभारी म्हणून दवाखान्यानं अमरचं नाव लिहून घेतलं होतं. माझं दुखणं, माझी मान, कारभारी तो. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळं तो उत्तर देणार नाही. मी वाट बघत बसले.

पेटी परत आलीच नाही.

अमर आला तो मोबाईल झटकत. "रेंज गेली काय? तुझं राखाडी दाखवतंय."

"तुला काही मेसेज आला होता?"

"कसला? हां, आला की मगाशी. काहीतरी कायम करायचं का म्हणून."

"मग?"

"हो दाबलं."

"वाचलास?"

"वाचत कोण बसतंय? दिवसाला पन्नास येतात. गॅसवाला विचारतोय, हो. बँक विचारती, हो. सोसायटी विचारती, हो. हो म्हटलं की गप्प बसतात."

निरोप जुन्या रस्त्यानं निघाला होता, आणि तो रस्ता बंद व्हायच्या आत याचा 'हो' परत पोचलासुद्धा. इतक्या तातडीनं यानं मला आजवर कशाचंच उत्तर दिलं नव्हतं.

मी काय केलं ते त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, का केलं तेही. तो स्टुलावर बसला. म्हणाला, "मग आता संध्याकाळची मंजुरी?"

"येणार नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे जुनीच लाट वाजत राहणार. दुखणं पुढं सरकणार, लाट मागं राहणार. उलटी लाट वेळ चुकली की उलटी राहत नाही. दुखण्यावर जाऊन बसते. दुप्पट होतं."

दवाखान्याच्या मदतीच्या नंबरला त्यानं फोन लावला. गोड आवाजाच्या यंत्रानं आमची विचारपूस केली आणि सांगितलं, "आपली पेटी आम्हाला दिसत नाही. कृपया पेटी जोडा, म्हणजे आम्ही ती जोडून देऊ."

"अहो, ती जोडायलाच फोन केलाय," अमर म्हणाला.

"समजलं. कृपया पेटी जोडा."

त्यानं फोन ठेवला आणि यंत्राच्या आईबापांचा उद्धार केला. यंत्राला आईबाप असतात. एसीत बसून त्यांनी हे वाक्य लिहिलेलं असतं, आणि त्यांचा हात कधी लूममध्ये गेलेला नसतो.

ऊन उतरलं तशी लाट सरकायला लागली. आधी करंगळीत, मग मनगटात. कोपरापर्यंत आली तेव्हा मी भिंतीला टेकले होते. आक्का परत आली होती. ती मोबाईल बंद करून चालू करत होती.

"राखाडी म्हंजे काय रे अमऱ्या? किती म्हंजे?"

"काय न्हाई आक्का, दिसत न्हाई म्हंजे."

"मग हिला कसं हाय ते कळायचं कसं?"

त्या खोलीत मी समोर बसलेली होते. आक्कानं मोबाईलवरून नजर काढली आणि माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा बदलला. माझा कसा दिसत होता मला माहीत नाही. तिनं मोबाईल फळीवर ठेवला आणि पाण्याचा तांब्या आणला.

"वायर पाहिजे," मी म्हटलं. "लॅपटॉप थेट पेटीला लावायचा. मधला रस्ताच नको. पण आपल्याकडं वायर नाही."

अमर उठला. "लूमचं पॅनल बोलेनासं झालं की आम्ही तेच करतो. थेट वायर." तो सायकल काढून कारखान्यात गेला आणि जॉबरच्या हत्यारांच्या पेटीतली वायर घेऊन आला. तेलानं काळी झालेली, टोकाला चिकटपट्टी. लॅपटॉपला ती जोडायचा ॲडॅप्टरही त्यानं आठवणीनं आणला होता. वायर पेटीच्या पाठीमागं खुपसली, दिवा लागला. पान उघडलं नाही.

"मेली का काय?" आक्का म्हणाली.

"मेली न्हाई. लॅपटॉप अजून एक नंबरच्या गल्लीत बसलाय." माझा आवाज मलाच लांबून येत होता. "त्याला पण तिकडं न्यायला लागेल. पत्ता हातानं टाक."

"सांग. कुठली गल्ली?"

"सत्तावीस."

त्याची बोटं थांबली. सत्तावीस म्हटल्यावर हा कुठला आकडा ते त्याला विचारायची गरज नव्हती. माझा हात त्यातून बाहेर काढल्यावर तो लूम तासाभरात परत चालू झाला होता. चालू करणारा जॉबर अमर होता. मालकानं सांगितलं, यानं केला. मी तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये होते. हा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नव्हता, आणि त्या दिवशीही काढला नाही. त्यानं दोन बोटांनी दोन आकडे दाबले.

पान उघडलं.

थेट वायर लावली की रंगीत डॅशबोर्ड येत नाही. दुरुस्तीवाल्यांचं पान येतं, काळ्यावर पांढरी अक्षरं. तिथं दवाखान्याची मंजुरी लागत नाही. पेटी लाट थोडी सरकवते आणि खाली एक ओळ येते. अमरनं ती मोठ्यानं वाचली.

"लाट बदलली. रुग्णाला विचारा. शून्य ते दहा."

मग तो माझ्याकडं वळला. "किती हाय?"

दोन वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मला पटकन उत्तर सुचेना. आकडा सांगायची सवयच मोडली होती. आणि आता हात इतका पेटला होता की दात आवळलेले सुटत नव्हते, आवाज फुटत नव्हता. मी नुसते ओठ हलवले.

"नऊ," अमर म्हणाला. माझ्या तोंडाकडं बघत. आणि तसंच टाइप केलं.

पेटीनं लाट सरकवली.

"किती हाय?"

ओठ.

"नऊच." टाइप केलं. "आता?"

आठ. परत आठ. मग एकदा दहा, तेव्हा त्यानं शिवी दिली आणि लाट मागं घेतली. लूमचा ताणा जुळवताना तो असाच बसायचा, एक डोळा दोऱ्यावर, एक हात स्क्रूवर. घाई न करता. सात. सात. सहा.

"किती म्हणती?" आक्का स्वयंपाकघरातून विचारायची.

"सहा म्हणती."

"मगाशी सातच म्हणाली व्हती की."

"आता सहा म्हणती, आक्का."

'म्हणती.' हा शब्द मी कानात धरून ठेवला. 'दाखवतंय' नाही, 'म्हणती'. एकदाही त्यानं "खरंच का?" विचारलं नाही. मी सांगायची, तो लिहायचा. तीनवर आल्यावर मी डावा हात वर केला आणि मग मला रडू आलं. दुखणं जात असताना रडू येतं, असताना येत नाही. अंगात तेवढी ताकदच नसते.

अमरनं पाठ टेकली. तोही पिळून निघाला होता. पानावर शेवटचा प्रश्न होता: जुन्या पत्त्यावर परत जायचं का?

"जाऊया," तो म्हणाला. "मंजुरी आपोआप येती. न्हाईतर रोज सकाळ-संध्याकाळ ही वायर?"

"व्हय."

"रोज विचारायचं?"

"व्हय."

"आणि कारखान्याला आकडा न्हाई गेला तर?"

"मला विचारतील. मी सांगेन."

"तुझं ऐकून घेतील व्हय ते?"

"तू घेतलास की आज."

मी लॅपटॉप मांडीवर ओढला. पत्ता सत्तावीसच ठेवला. कारभारी या शब्दापुढं त्याचं नाव होतं, ते खोडलं आणि डाव्या हातानं एकेक अक्षर टाइप केलं: वैजयंता. खाली ओळ आली: बदल कायम करायचा का? त्याखाली बारीक अक्षरांत पानभर मजकूर.

"दाब की हो," अमर म्हणाला.

"थांब. वाचतेय."

मी सगळं वाचलं. तो बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला. ऑफिसातला पोरगेला साहेब. "मॅडम, तुमचा आकडा आमच्याकडं येत नाहीये."

"पाच आहे. लिहून घ्या."

"तोंडी चालत नाही, मॅडम. तुम्ही पेटी जोडा, नाहीतर आम्ही तुम्हाला फिट धरणार."

"धरा," मी म्हटलं. "मी येते. तुम्ही सत्तावीस नंबरपाशी उभं राहा आणि माझ्या तोंडाकडं बघा."

त्यानं फोन ठेवला. आता ते नोटीस पाठवतील, मी उत्तर पाठवेन, दवाखाना हात वर करेल. हे भांडण लांबणार, आणि जिंकेन असं मला वाटत नाही. जिंकण्याइतका जीव अंगात आहे का तेही ठाऊक नाही. पण माझ्या हातात किती दुखतंय हे मला विचारल्याशिवाय आता कुणाला कळणार नाही, एवढं पक्कं.

अमर रोज वायर लावतो. कधी कंटाळतो, कधी चिडतो. काल म्हणाला, "अंदाजे सांग आणि सोड." मी म्हटलं, अंदाजे लूम लावतोस का तू. मग परत एकेक आकडा विचारत बसला.

आणि आज सकाळी आक्कानं चुलीपासून हाक मारली.

"वैजू, किती हाय गं आज?"

"चार."

"चार म्हंजे हिरवं का पिवळं?"

मी उशीवरून मान वळवली. मानेतली पट्टी, फळीवरची पेटी, खिळ्याला टांगलेली काळी वायर. "आक्का, चार म्हंजे पीठ मळता येतंय, थापता येत न्हाई."

आतून परात ओढल्याचा आवाज आला.

"मळून दे मग," ती म्हणाली. "थापीन मी."